समर्स घराण्याचा सातबारा कुणी काढून देईल काय?

तिकटीवरचा (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४०

रामराम मंडळी.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. सातवीत आहे, मुंबईला असतो, पण कॉमिक्सचं वेड मामाकडनं उचललंय. शाळेनं ‘वंशवृक्ष काढून आणा’ असा प्रकल्प दिलेला. मी म्हटलं, आपला काढू. सोपा आहे, खापरपणजोबापर्यंत नावं मला तोंडपाठ आहेत. तर म्हणतो कसा, "मामा, आपला नको. समर्सचा काढूया." समर्स हे एक्स-मेन कॉमिक्समधलं घराणं आणि माझी निम्मी हयात त्यातच गेलेली. म्हटलं, हाण.

कार्डशीट आणलं. वर आजोबा फिलिप नि आजी डेबोरा, अलास्कात विमानं चालवणारी माणसं. खाली मुलगा ख्रिस्तोफर, सून कॅथरिन. त्याखाली दोन पोरं, स्कॉट नि ॲलेक्स, म्हणजे आपले सायक्लॉप्स आणि हॅवॉक. पेटलेल्या विमानातनं आईबापानं उरलेल्या एकाच पॅराशूटला दोघांना बांधून खाली सोडलं, हे सांगताना भाचा एकदम गप्प झाला. इथवर कुठल्याही घराण्यासारखंच.

मग आईबापांच्या नावावर फुली मारली, तर बाप जिवंत. १९७७ मध्ये कॉर्सेअर नावाचा अंतराळातला चाचा आला, तोच ख्रिस्तोफर. पोराला हे कळायला १९८२ उजाडलं. फुली खोडली. स्कॉटच्या शेजारी जीन ग्रे लिहायला गेलो, तर ती १९८० मध्ये मेलेली. म्हणून त्यानं १९८३ मध्ये मॅडलिन प्रायरशी लग्न केलं, जीनसारखीच हुबेहूब दिसणारी. त्यांना नेथन झाला. तेवढ्यात १९८६ मध्ये जीन जिवंत परतली आणि हा गडी बायको-पोर टाकून तिकडं. पुढं निघालं असं, की मॅडलिन ही जीनचीच क्लोन, सिनिस्टर नावाच्या उपद्व्याप्यानं बनवलेली. नेथनला विषाणूची बाधा झाली म्हणून त्याला भविष्यकाळात धाडलं, तिथनं तो केबल होऊन परत आला. पांढरे केस, एक हात लोखंडी, वयानं बापापेक्षा मोठा! त्याचा क्लोन स्ट्राइफ. दुसऱ्याच भविष्यातनं आलेली मुलगी रेचेल. तिसऱ्याच विश्वातला नेट ग्रे. आणि एवढं झाल्यावर २००६ मध्ये तिसरा भाऊ उगवला, गॅब्रिएल.

कार्डशीट भरलं. बाण एकमेकांवरनं असे गेले होते की गंगावेशीतली संध्याकाळची ट्रॅफिक बरी.

आम्ही तेव्हा गावच्या घरात होतो आणि नेमका त्याच दुपारी हेळवी आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुगी झाली की हे लोक गावोगाव फिरतात, ज्या त्या घराण्याची वंशावळ त्यांच्या वहीत असते, ती वाचून दाखवतात, नवीन जन्म नोंदवतात आणि धान्य घेऊन जातात. पूर्वी बैलावरनं यायचा, आता मोटरसायकलवर येतो. भाच्यानं त्याच्यापुढं कार्डशीट पसरलं. म्हाताऱ्यानं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि केबलवर बोट ठेवून विचारलं, "ह्यो बापाच्या वर का काढलाय?"

"तो बाबांपेक्षा मोठा आहे."

"मग बाप कोण आन् ल्योक कोण, ते आदी ठरवा. मग वहीत घालू."

तर प्रश्न हा. केबलला कुठं बसवायचा?

---

खासबाग | रात्री ९:५२

बसवायचा कशाला, उभा ठेवा. आपल्याच बापाला "तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी" असं खरोखर सुनवू शकणारा एकमेव ल्योक हाय त्यो.

---

वारणाकाठची | रात्री १०:१५

दादा, मांडणी बरोबर, पण वाचकांच्या पुढं हे ज्या क्रमानं आलं तो क्रम बघा. त्यातच सगळी गंमत आहे.

केबल पहिल्यांदा दिसला मार्च १९९० च्या ‘न्यू म्यूटंट्स’ ८७ मध्ये. बाळ नेथनला भविष्यात पाठवलं १९९१ मध्ये. म्हणजे म्हातारा मुलगा आधी आला आणि बाळ नंतर गेलं. कारण केबल काढला तेव्हा तो नेथन आहे हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं! एक रांगडा सैनिक हवा होता, तो काढला. इकडं ‘एक्स-फॅक्टर’मध्ये एक बाळ होतं, त्याचं काय करायचं हा प्रश्न होता. दोन टोकं लोंबकळत होती, कुणीतरी गाठ मारली.

कॉर्सेअरचं तेच. गॅब्रिएलचं तर त्याहून भारी. १९९३ मध्ये एका अंकात सिनिस्टर स्कॉटशी बोलताना "तुझे भाऊ" असं अनेकवचन वापरून जातो आणि सावरून घेतो. झालं. वाचक १३ वर्षं तिसरा भाऊ शोधत बसले. कुणी म्हणे गॅम्बिट. लेखक फॅबियन निसिएझाच्या मनात ॲडम-एक्स नावाचा वेगळाच गडी होता. शेवटी एड ब्रुबेकरनं ‘डेडली जेनेसिस’मध्ये व्हल्कन आणला, म्हणजे तुमचा गॅब्रिएल. एका अनुस्वारातनं माणूस जन्माला आला म्हणा ना.

आपल्या घरात आधी आजा जन्मतो, मग नातू. इथं नातू आधी छापला जातो, खपला तर त्याला आजा मिळतो.

---

पुण्यात_अडकलेला | रात्री १०:३१

+१. आणि "खपला तर" हे दोन शब्द सोन्याचे.

---

आत्याबाई_शाहूपुरी | रात्री १०:५०

मला यातलं ओ का ठो कळत नाही. धागा सातबाराचा वाटला म्हणून उघडला. पण एक विचारते. ती रेचेल आणि तो नेथन, दोघं एकाच बापाची ना? मग सख्खी का सावत्र?

---

तिकटीवरचा | रात्री १०:५४

सावत्र, आत्या. रेचेलची आई जीन, नेथनची मॅडलिन.

---

वारणाकाठची | रात्री १०:५८

अहो सख्खी. मॅडलिन जीनची क्लोन. रक्त तपासलं तर आई एकच निघणार.

---

आत्याबाई_शाहूपुरी | रात्री ११:०५

क्लोन म्हणजे जुळ्या बहिणीसारखंच की. मग दोघींची पोरं मावसभावंडं झाली.

---

खासबाग | रात्री ११:०६

आत्यांनी एका डावात चितपट केलं सगळ्यांना 😂

---

वारणाकाठची | रात्री ११:२०

हसू नका, आत्या बरोबर आहेत. आणि अजून एक पदर आहे. रेचेल आली ती वेगळ्या भविष्यातनं, १९८१ च्या ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ कथेतली ती. तिचा बाप हा स्कॉट नव्हेच, त्या काळातला दुसरा स्कॉट. म्हणजे बापाकडनं चुलत म्हणायचं काय? सख्खी, सावत्र, मावस, चुलत, चारही नाती एकाच जोडीत. इंग्रजीत सरसकट ‘कझिन’ म्हणून सुटता येतं, मराठीत प्रत्येक नात्याला नाव आहे म्हणून आपली पंचाईत होते.

वर आणि हे: नेथनला भविष्यात नेण्यामागं जी मदर ॲसकानी होती, ती म्हणजे म्हातारी झालेली रेचेलच. बहिणीनंच भावाला नेला. त्याला वाढवायला आईबाप हवेत म्हणून स्कॉट आणि जीनच्या लग्नानंतर, १९९४ मध्ये, मधुचंद्राला गेलेल्या त्या दोघांचं मन तिनं भविष्यात ओढून घेतलं. त्यांनी बारा वर्षं पोराला सांभाळलं आणि मग मधुचंद्रावर परत! म्हणजे जीन त्याची सावत्र आई, पण न्हाऊमाखू तिनंच घातलं.

---

आत्याबाई_शाहूपुरी | रात्री ११:२६

जिनं न्हाऊ घातलं ती आई. झोपा आता.

---

निवृत्त_भाऊसाहेब | सोमवार, सकाळी ६:४५

नमस्कार. मी तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं निघालंय, पण आम्ही तलाठीच.) नातू ही चित्रं वाचतो, त्यानं हा धागा दाखवला. शीर्षकात सातबारा आहे म्हणून चार शब्द.

तुम्ही सगळे वंशवृक्ष काढायला बसलाय, म्हणून अडकलाय. झाडात खोडाखोड चालत नाही. तुम्हाला पाहिजे ती फेरफाराची वही, गाव नमुना सहा. तिथं काहीच खोडायचं नसतं. खातेदार मयत झाला, वारस अर्ज करतात, सहा-क मध्ये वारस नोंद होते, मग फेरफार धरायचा, संबंधितांना नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित करायची. सातबाऱ्यावर जुनं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. आज चाळीस वर्षांनी कुणी विचारलं तर कंसातलं नाव वाचता येतं आणि शेजारी फेरफाराचा नंबर असतो, तिथनं मागं मागं जाता येतं.

या फेरफाराला इंग्रजी कागदात काय म्हणतात ठाऊक आहे? म्यूटेशन. नातवानं सांगितलं की ही मंडळी म्यूटंट आहेत, म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती घेऊन आलेली. मग योग्य कचेरीत आलात.

आता तुमच्या प्रकरणातली मूळ अडचण. वारस नोंद कधी होते? कुणी मयत झाल्यावर. तुमच्या या घराण्यात कुणी मयत होतं का? नातू म्हणतो, होतात, पण परत येतात. मृत्यूचा दाखला जोडून नोंद करायची आणि खातेदारानं स्वतः येऊन हरकत घ्यायची. माझ्या उभ्या नोकरीत असं एकदा झालं, मुंबईला गिरणीत गेलेला माणूस मयत दाखवला होता, तो बारा वर्षांनी एसटीतनं उतरला. त्या एका नोंदीनं मला दोन वर्षं प्रांत कचेरीच्या पायऱ्या चढायला लावल्या. तुमच्याकडं तर गावच्या गाव एसटीतनं उतरतंय.

---

तिकटीवरचा | सकाळी ८:१०

भाऊसाहेब, दंडवत. "गावच्या गाव एसटीतनं उतरतंय" हे भाच्याला फोनवर वाचून दाखवलं, तो अजून हसतोय.

आणि तुमच्या बोलण्यात एकदम खटका पडला डोक्यात. मरत नाहीत एवढंच नव्हे, ही माणसं म्हातारीही होत नाहीत. स्कॉट १९६३ मध्ये कॉलेजच्या पोराएवढा होता. आज साठ वर्षांनी फार तर पस्तिशीचा. फॅन्टास्टिक फोरमधल्या रीड आणि सू यांचा फ्रँकलिन १९६८ मध्ये जन्मला. आमच्या थोरल्या काकांच्या वर्गातला धरा. काकांना नातवंडं झाली, फ्रँकलिनला अजून मिसरूड फुटेना. मग अशा बापाला तरणाताठा मुलगा द्यायचा कुठनं? सरळ रस्त्यानं येऊच शकत नाही. म्हणून तो भविष्यातनं येतो, नाहीतर शेजारच्या विश्वातनं, नाहीतर बरणीतनं. वंश खाली वाढायला जागाच नाही, म्हणून तो आडवा वाढतो.

---

डेंकालीचा_गडी | सकाळी ९:३०

आडवा वाढतो! अगदी. म्हणूनच आमचा वेताळ (इंग्रजीतला फँटम) बरा.

आम्ही इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली माणसं. रद्दीवाल्याकडं आठवड्याला चक्कर, मराठी अंक मिळाला तर लॉटरी. वेताळाची वंशावळ पोस्टकार्डावर मावते. १५३६ मध्ये पहिला, त्यानं कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, मग त्याचा मुलगा, मग त्याचा. आपण वाचतो तो एकविसावा. लोकांना वाटतं एकच माणूस चारशे वर्षं चालतोय, पण आत गुहेत वीस थडगी आहेत आणि रोजनिशीच्या वह्या रांगेनं लावलेल्या. भाऊसाहेबांच्या भाषेत, वीस मयत, वीस वारस नोंदी, एकही हरकत नाही. ली फॉकनं १९३६ मध्ये आखलेलं पहिल्याच दिवसापासनं नीट होतं, कारण मरण आधीच हिशेबात धरलेलं. २१ व्याचं डायनाशी लग्न १९७७ मध्ये झालं, पुढं जुळी झाली, किट आणि हेलॉइस. गादी कुणाची हे पोरगंसुद्धा सांगेल.

(अर्थात तो एकविसावाही १९३६ पासनं एकविसावाच आहे. पण ते जाऊ दे.)

---

खासबाग | सकाळी ९:४१

काका, कंसात टाकून सुटला होय 😄

---

वारणाकाठची | दुपारी १:०५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. डेंकालीकाका, इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४ चा. आणि ज्या अंकात वांडा नि पिएत्रो (स्कार्लेट विच आणि क्विकसिल्व्हर) पहिल्यांदा आले, तो एक्स-मेनचा चौथा अंकही मार्च १९६४ चाच! तुमचा वेताळ आणि ही जुळी भावंडं कागदावर एका वयाची.

भाऊसाहेब, या जुळ्यांचा बापाचा रकाना ऐका. फक्त कंस मोजा.

१९६४ मध्ये दोघं एक्स-मेनचा दुष्मन मॅग्नेटो याच्या टोळीत. बाप-बीप काही नाही, उपकाराखाली दबलेले चाकर. १९७४ मध्ये सांगितलं, यांचे आईबाप व्हिझर आणि मिस अमेरिका, महायुद्धाच्या काळातली वीर जोडी. १९७९ मध्ये वंडागोर डोंगरावरची सुईण सांगते, छे, ते नव्हेत. (सुईण म्हणजे माणसासारखी दोन पायांवर चालणारी गाय. नाव बोवा. हे मी बनवून सांगत नाही.) यांची आई मॅग्डा नावाची बाई, बाळंत झाली आणि पोरं सोडून निघून गेली. १९८२ मध्ये चार अंकांची मालिका आली, त्यात मॅग्नेटोला उमगतं की मॅग्डा आपलीच बायको, म्हणजे ही आपलीच पोरं. ज्यांना अठरा वर्षांपूर्वी पायाखाली तुडवलं ती!

आता यावर ३२ वर्षं गोष्टी रचल्या गेल्या. मॅग्नेटो आजोबा झाला. पिएत्रोनं अमानव राजघराण्यातल्या क्रिस्टलशी आधीच लग्न केलेलं, त्यांची लुना. वांडानं व्हिजनशी, म्हणजे यंत्रमानवाशी, संसार मांडलेला. आणि २०१४ मध्ये ‘ॲक्सिस’ नावाच्या कथेत वांडाचा एक मंत्र फक्त रक्ताच्या नातलगांना लागतो, तो मॅग्नेटोला लागतच नाही. नाव कंसात. पुढच्या वर्षी अ‍ॅव्हेंजर्सचा सिनेमा आला, त्यात ही भावंडं होती आणि मॅग्नेटो नव्हता, कारण एक्स-मेनच्या सिनेमांचे हक्क दुसऱ्या कंपनीकडं. आता याचा त्याच्याशी संबंध काय, हे ज्यानं त्यानं ओळखावं. मला विचाराल तर जमिनीचे हक्क बदलले की बापही बदलतो, हे आपल्याकडं नवीन नाही.

माझा राग बाप बदलण्यावर नाही. दोन मुलांनी आणि एका म्हाताऱ्यानं ३२ वर्षं एकमेकांना माफ करायचा प्रयत्न केला, ते सगळं एका पानात गेलं. नंतरच्या लेखकांनी ते रक्ताशिवाय परत जोडून घेतलं, हे खरं. पण त्या पानानं मला अजून पोटात ढवळतं.

मॅग्नेटोची तिसरी, लोर्ना, तिचं वेगळंच प्रकरण आहे. नंतर सांगते, साहेब आले.

---

निवृत्त_भाऊसाहेब | दुपारी २:२०

चार कंस झाले. नोटीस कुणालाच दिलेली नाही. फेरफार रद्द होण्यास पात्र.

---

पुण्यात_अडकलेला | दुपारी ३:४५

मार्व्हलचंच चाललंय, दुसऱ्या कंपनीचं, डीसी कॉमिक्सचंही सांगा की, नाहीतर पक्षपात होईल. भाऊबंदकी बघायची तर फ्लॅशकडं. बॅरी ॲलन (म्हणजेच फ्लॅश) आणि त्याचा दुष्मन थॉन यांचं वैर म्हणजे बांधाचं भांडण: पुढं लेखकांनी काढलं की बॅरीला एक जुळा भाऊ होता, जन्मताच थॉन नावाच्या घरात गेलेला, आणि भविष्यातला तो दुष्मन त्याचाच वंशज. शिवाय बॅरीच्या मुलानं लग्न केलं ते थॉनांच्याच मेलोनीशी. त्यांचा पोरगा बार्ट. आईकडनंही वैरी, बापाकडनंही वैरी, आणि स्वतः बिचारा गोड पोर.

आणि डोना ट्रॉय. हिची कथा माझी लाडकी. वंडर वुमनच्या लहानपणीच्या गोष्टी छापायचे, त्यातल्या छोट्या डायनाला वंडर गर्ल म्हणायचे. १९६५ मध्ये पोरांची एक टोळी जमवताना ‘वंडर गर्ल’ही घातली, ही वेगळी कुणी नाही, डायनाच आहे, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणजे एक बाई स्वतःच्याच बालपणाशेजारी उभी! चार वर्षांनी निस्तरायला डोना नावाची अनाथ मुलगी केली, आगीतनं वाचवलेली. मग १९८७ मध्ये वंडर वुमनची गोष्ट पहिल्यापासनं सुरू केली, तर डायना जगात आजच पाऊल ठेवतेय आणि धाकटी डोना कित्येक वर्षं नोकरीत मुरलेली. तेव्हापासनं तिच्या जन्माच्या इतक्या कथा झाल्या की तिला स्वतःलाच एक यादी लागते. माझ्या एका मावशीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार, तिन्हींवर तीन तारखा आहेत, तिला हे वाचायला दिलं तर म्हणाली, "बिचारी, माझ्यासारखीच."

---

खासबाग | संध्याकाळी ६:१५

बॅटमॅनची लेकरं राहिली. मला ते घराणं वाटतच नाही, ती तालीम हाय. वस्ताद एकच, ब्रूस वेन. पट्ठे येतात, लाल मातीत लोळतात, ‘रॉबिन’ ही लंगोट पुढच्याला देऊन जातात. डिक ग्रेसन १९४० चा, थोरला पट्ठा, आता स्वतःचं नाव काढून मोकळा. जेसन टॉड दुसरा. त्याला १९८८ मध्ये वाचकांनी फोनवर मतदान करून मारला! मारा म्हणणारे ५,३४३, वाचवा म्हणणारे ५,२७१. ७२ मतांनी पडलं पोरगं. आमच्याकडं सोसायटीच्या निवडणुकीत याहून कमी फरकानं माणसं पडलीत, पण जीव कुणाचा गेला न्हाई. (२००५ मध्ये आला परत. एसटी, भाऊसाहेब, एसटी.) मग टिम ड्रेक. आणि २००६ मध्ये डेमियन, रक्ताचा, टालियाच्या पोटचा. येतोय त्योच सगळ्यांना सुनावत, "मी खरा मुलगा, तुम्ही दत्तक." पहिल्याच दिवशी टिमला मारायला उठला.

---

आत्याबाई_शाहूपुरी | संध्याकाळी ६:४०

हे कार्टं कोल्हापुरात जन्मलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. दत्तक म्हणून कमी? कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये गादीवर दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. त्यांच्या नावावर हे शहर अजून जेवतंय. त्यांना कुणी विचारलं का, रक्ताचे का दत्तक?

---

निवृत्त_भाऊसाहेब | संध्याकाळी ७:०५

ताईंशी सहमत. कायद्यानंही दत्तक पुत्राचा हक्क औरस पुत्राएवढाच. मात्र एक तांत्रिक मुद्दा. आपल्याकडच्या १९५६ च्या कायद्यात एक मुलगा हयात असताना, मग तो औरस असो वा दत्तक, दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. शिवाय साधारणपणे पंधरा वर्षं पुरी झालेला चालत नाही. नातू म्हणतो, या वेन साहेबांनी डिकला तर तो चांगला घोडा झाल्यावर कागदोपत्री दत्तक घेतलं. त्यांना हा कायदा लागू नाही हे त्यांचं नशीब. नाहीतर टिमची नोंद मी तरी धरली नसती.

---

डेंकालीचा_गडी | रात्री ८:३०

इतिहासाचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडं कॉमिक्सच्या आधीपासनं हे चालू आहे. १७४९ च्या अखेरीस साताऱ्याचे शाहू छत्रपती वारले. महाराणी ताराबाईंनी, हा माझा नातू, लपवून वाढवलाय, असं सांगून रामराजा पुढं आणला. १७५० च्या जानेवारीत तो गादीवर बसला. वर्ष संपायच्या आत त्याच ताराबाईंनी त्याला कैद केलं आणि म्हणाल्या, हा माझा नातू नव्हेच. पुढं जेजुरीला देवापुढं तशी शपथ घेतली. गंमत अशी की एवढं होऊनही गादी त्याच्याकडंच राहिली.

---

आत्याबाई_शाहूपुरी | रात्री ८:३८

जपून लिहा. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या त्याच आहेत. औरंगजेबाशी झुंजलेली बाई, पेशव्यांच्या हातात सगळा कारभार जाताना बघत गप्प बसणार होती काय?

---

डेंकालीचा_गडी | रात्री ८:४४

आत्या, पूर्ण आदर राखूनच. तेच म्हणायचंय मला. नातं फिरवण्यामागं गादी होती. तिकडं सिनेमाचे हक्क, इकडं पेशवाई. कारण शोधलं की सापडतं.

---

तिकटीवरचा | मंगळवार, रात्री १०:२०

मंडळी, पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट मी गाळली होती. आत्यांचा दत्तकाचा मुद्दा वाचून राहवेना.

त्या दिवशी समर्सचं कार्डशीट बाजूला ठेवून हेळव्यानं आमची वही उघडली. मी ऐटीत भाच्याला म्हटलं, बघ, मी आधी सांगतो, मग ते वाचतील. बाप, आजा, पणजा, सगळं जुळलं. खापरपणजोबांचं नाव मी घेतलं आणि म्हातारा म्हणाला, "व्हय. पर हे हितलं न्हवंत." वारणेपलीकडच्या एका घरातनं दत्तक आलेले. मूळ आडनाव वेगळं, गाव वेगळं, देवक वेगळं. सगळं त्याच्या वहीत होतं, मूळ बापाच्या नावासकट. घरात एकालाही माहीत नव्हतं. आई म्हणाली, "मग आपण पाटील कशाचे?" मोठे काका जागचे उठून परड्यात गेले. अर्ध्या तासानं आले आणि म्हणाले, "वैरण टाकायची राहिली होती."

भाचा तेवढा खूश. "मामा, रेटकॉन झाला आपला!" (रेटकॉन म्हणजे आधी छापलेली गोष्ट मागाहून बदलणं.)

मी म्हटलं नाही रे, ते पहिल्यापासनं तसंच होतं, आपणच मधले अंक वाचले नव्हते. भाऊसाहेब, तुमचा कंस तेव्हा मला ठाऊक नव्हता, नाहीतर तेच सांगितलं असतं. म्हातारा जाताना दोन पायली जोंधळा घेऊन गेला आणि भाच्याचं नाव लिहून घेऊन गेला, बहिणीच्या सासरच्या पानावर घालायला.

शाळेत शेवटी आमचाच वंशवृक्ष गेला. खापरपणजोबांच्या नावापुढं त्यानं कंसात जुनं आडनाव लिहिलंय. समर्सचं कार्डशीट माझ्या खोलीत भिंतीला आहे. तुमच्या सल्ल्यानं सुधारलं: केबलला बापाच्या खालीच घातला, पांढरे केस काढले आणि शेजारी फेरफार नंबर टाकला. मॅडलिनच्या नावाला कंस केला नाही. ती आई आहे. केबलनं सांभाळलेली होप त्याच्याखाली, दत्तक असं स्पष्ट लिहून. फोटो उद्या डकवतो. राहिलंय का कुणी?

---

खासबाग | रात्री १०:२६

एक नंबर भावा. काकांना सांगा, पाटीलकी कुठं जात न्हाई.

---

वारणाकाठची | रात्री १०:४१

लोर्ना राहिली! मी सांगते म्हटलं आणि विसरले. १९६८ मध्ये मॅग्नेटोची मुलगी म्हणून आली, काही अंकांतच ते खोटं ठरलं, २००३ मध्ये परत खरं ठरलं. म्हणजे जी दोघं ३२ वर्षं त्याची होती ती त्याची नाहीत, आणि जी नव्हती ती आहे. आणि हॅवॉकशी तिचं किती वर्षं चाललेलं! लग्न ठरलेलं, मांडवात मोडलं.

---

तिकटीवरचा | रात्री १०:४५

लग्न मोडलं तर मग कार्डशीटवर घालायची कुठं?

---

आत्याबाई_शाहूपुरी | रात्री १०:४९

पेन्सिलीनं घाला.